तिसरा तास

पेण
गुरुवार, ७ ऑगस्ट

प्रिय ऋतुजा,

फोन केला असता तर तू उचलला असतास, आणि तुझा आवाज ऐकल्यावर मी पुन्हा इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला असता. गेल्या अडीच महिन्यांत तीन वेळा असंच झालं. म्हणून लिहायला बसले. दिशा शाळेत गेली आहे, मितेशची धाटावच्या कंपनीत पहिली शिफ्ट आहे, आणि मी आज रजा टाकली आहे. पत्र किमयाच्या हाती देणार; ती शनिवारी तुझ्याकडे पुण्याला येते आहे. तिला एवढंच सांगितलं, की हे ताईच्याच हातात दे आणि ती वाचत असेल तेव्हा तिच्याजवळून उठू नको. "असं काय लिवनार हायस गो?" तिने विचारलं. मी विषय बदलला.

आधी घरचं सांगते. तुझ्या आईला मी दर रविवारी भेटते. चंद्रावतीकाकू आता दोन वेळा जेवते, पण तिच्या जेवणात मीठ नाही. शिवाकाकांच्या किडन्या गेल्या आणि त्यांचं मीठ बंद झालं, तेव्हापासून ती दोन पातेली चढवायची, एक त्यांचं आळणी आणि एक बाकीच्यांचं. परवा पाहिलं तर चुलीवर एकच पातेलं होतं, आळणी. तिने मला पान वाढलं, मी सगळं खाल्लं. मग माझा हात धरून म्हणाली, "तू शेवटपर्यंत त्यांच्याजवल व्हतीस गो. तेवडं माझ्या जिवाला पुरतं." मी तिथून उठले, खाडीच्या बांधापर्यंत चालत गेले आणि खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. किमयाच्या लग्नाचं म्हणशील तर रोह्याची मंडळी समजूतदार आहेत. वर्ष सरल्यावर बघू, म्हणतात. मुलगा दर पंधरा दिवसांनी येऊन काकूची औषधं देऊन जातो. पण साखरपुड्याची साडी तिने कपाटात ठेवलेली नाही. पिशवीतच आहे, खुंटीला.

आता आपल्या डायलिसिस सेंटरचं. तू तुझा बीपीचा इशारा देणारा प्रोग्रॅम बंद केलास त्याला उद्या आठ आठवडे होतील. पेण, रोहा, माणगाव, तिन्ही ठिकाणचे पडदे एकाच सकाळी काळे झाले आणि त्यांवर तुझी ओळ आली, की पुढची सूचना येईपर्यंत या इशाऱ्यांवर कोणी विसंबू नये. हर्षदसरांनी त्या पडद्यावर हिरवं कापड टाकलं आणि मला म्हणाले, "मॅनेजर म्हणून सांगतो, आपण आधीही डायलिसिस करतच होतो." पहिले पंधरा दिवस खरंच काही झालं नाही. मग रोह्याच्या सेंटरला एक गृहस्थ खुर्चीतच बेशुद्ध झाले. कसेबसे शुद्धीवर आले. आपल्याकडे एकट्या जुलैत चौघांचं बीपी कोसळलं. मी मागची पानं चाळून पाहिली. प्रोग्रॅम चालू असताना सहा महिन्यांत मिळून चार वेळा असं झालं होतं.

आणि ह्या सोमवारी गिरजाबाई. जोह्याची, गणपतीच्या कारखान्यात मुकुट आणि दागिने रंगवते ती. चतुर्थी तोंडावर आली आहे, दिवसभर पत्र्याखाली बसून काम, तहान आवरत नाही. साडेतीन किलो वजन वाढवून आली. साडेतीन किलो म्हणजे साडेतीन लिटर पाणी अंगात साचलेलं. किती काढायचं ते मी अंदाजानेच ठरवलं, पूर्वी बारा वर्षं ठरवत आले तसंच. दोन तास गप्पा मारत होती. तिसऱ्या तासाला तिचं बोलणं वाक्याच्या मधेच थांबलं. डोळे वर गेले. पाय वर केले, सलाइन सोडलं, पाणी ओढणं बंद केलं. अकरा मिनिटांनी तिने मला ओळखलं. जगली. पण तिचा उजवा हात अजून थरथरतो. तो हात माझ्यासमोर धरून ती म्हणाली, "ह्या हातानं सोनेरी रेघ कशी मारू गो?" आणि थोड्या वेळाने कापडाने झाकलेल्या पडद्याकडे बघून म्हणाली, "शिवाची पोर असती तर बोलली असती."

सेंटरमध्ये सगळे तुझ्या प्रोग्रॅमला शिवाची पोर म्हणायचे, तुला ठाऊक आहे. तुझ्या वडिलांनीच ते नाव पाडलं. "मना दोन पोरी नाय, तीन हाईत. एक पुन्याला, एक घरी, आनि ही डब्यातली," असं प्रत्येक नव्या पेशंटला सांगायचे. सुई टोचून घेताना तोंड फिरवायचे ते पडद्याकडेच. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तू महिनाभर रजा काढून आलीस, आपण दोघी सेंटरच्या मागच्या खोलीत जुनी रजिस्टरं घेऊन बसलो, तो महिना मला अजून दिवसा दिवसाने आठवतो. मी वाचायचे, तू टाइप करायचीस. येतानाचं वजन, जातानाचं वजन, किती पाणी काढलं, दर अर्ध्या तासाचं बीपी. काही पानांना ओल लागून शाई पसरली होती. ती मी पाठ असल्यासारखी सांगायचे, कारण अक्षर माझंच होतं. मी विचारलं होतं, एवढं सगळं घालून होणार काय? तू म्हणालीस, "प्रत्येक माणसाचा एक जुळा होईल कॉम्प्युटरमध्ये. त्याच्याच वजनाचा, त्याच्याच हृदयाचा, त्याच्याच खोडींचा. आधी पाणी त्या जुळ्याच्या अंगातून काढून बघायचं. तो पडला, तर खऱ्या माणसाला तेवढं काढायचं नाही." मला ते तेव्हा भुताटकीसारखं वाटलं होतं. पण त्याने काम केलं. हिरवी पट्टी आली की काढा, पिवळी आली की जपून, लाल आली की थांबा, आज इतकंच, उरलेलं उद्या. मुंबईहून बुधवारी येणारे मोठे डॉक्टरसुद्धा आधी पट्टी बघायचे, मग फाइल.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. मला ते खुपायचं. बारावीला मला तुझ्यापेक्षा चार मार्क जास्त होते. तू इंजिनिअरिंगला गेलीस, आणि आमच्या बाबांनी पेण जवळ आहे म्हणून मला ह्या डायलिसिस टेक्निशियनच्या डिप्लोमाला घातलं. त्याचं मला वाईट नव्हतं वाटलं, खरंच. कारण माझं काम मला येत होतं. माणूस दोनदा जांभई देऊन खुर्चीत सरकला की त्याचं बीपी उतरणार हे मला मशिन बोलायच्या आधी कळायचं. पेशंट मला विचारायचे, "प्रतिक्षा, आज किती काढतंस?" माझ्या तोंडाकडे बघायचे. मग शिवाची पोर आली, आणि हळूहळू सगळे माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागले. मी जांभई ओळखायच्या आधी ती पट्टी पिवळी झालेली असायची. बहुतेक वेळा तिचं बरोबर यायचं. एखाद्या वेळी चुकायचं. ती चुकली की त्या दिवशी घरी जाताना मला हलकं वाटायचं. हे वाचून तुला काय वाटेल ते मला कळतंय. पण आता लिहायला घेतलंय तर हेही लिहिते.

सतरा मेचा शनिवार. त्या दिवसाबद्दल तुला मी तुकड्या-तुकड्याने सांगितलं, सलग कधीच नाही. काकांनी गुरुवार चुकवला होता. साखरपुड्याचा हॉल बघायला आणि मुलाकडच्यांना भेटायला ते रोह्याला गेले आणि तिकडेच राहिले. सगळ्यांनी आग्रह करकरून सरबत, ताक पाजलं असणार. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शनिवारी सकाळी किमया त्यांना घेऊन आली तेव्हा वजन पाच किलो दोनशे जास्त होतं. जिना चढून आले आणि दारातच धापा टाकत बसले. हातात बुटांचा खोका होता. चामड्याचे काळे बूट, रविवारच्या साखरपुड्यासाठी घेतलेले, आयुष्यातले पहिले. पाय सुजून भाकरीसारखे झाले होते, बूट टाचेवरही चढेना. खोका माझ्यापुढे उघडून म्हणाले, "प्रतिक्षा, सगलं पानी काढ आज. उद्या पोरीच्या सासऱ्यासमोर स्लिपरी घालून उभा ऱ्हाऊ काय?" मी म्हटलं, काका, एवढं एका बैठकीत नाही झेपायचं. ते म्हणाले, "तू हाईस ना. तुझ्या हातात मना कवा काय झालंय?"

रविवारी सेंटर बंद असतं. उरलेलं पाणी काढायला उद्या या म्हणायची सोय नव्हती. तसं म्हणायचं तर हर्षदसरांना सेंटर उघडायला लावावं लागलं असतं. मी त्यांना विचारलं नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनाही खालून बोलावलं नाही. किमयाला म्हटलं, तू बाजारात जाऊन तुझी कामं आटप, चार तासांनी ये. आणि मशिनवर चार लिटर आठशेचा आकडा टाकला.

पहिला तास चांगला गेला. ते तुझ्याबद्दल बोलत होते. तू शुक्रवारी निघू शकली नव्हतीस, शनिवारी संध्याकाळी थेट रोह्याला पोचणार होतीस. दुसऱ्या तासाला म्हणाले, पाय हलके वाटतात गो, बूट आन बघू. मी खोका आणून त्यांच्या पायाशी ठेवला. तिसऱ्या तासाला मी पलीकडच्या खुर्चीशी होते. वळून पाहिलं तर ते माझ्याकडेच बघत होते, पण बघत नव्हते. वरचं बीपी साठ. मग पन्नास. मग मशिनला लागेना. पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर धावत वर आले, आम्ही दोघांनी आळीपाळीने छाती दाबली, नाडी आली, गेली, पुन्हा आली. अँब्युलन्स अलिबागकडे निघाली. वडखळच्या नाक्यावर गाड्या खोळंबल्या होत्या. मी मागे त्यांच्यापाशी बसले होते. नाका सुटायच्या आधीच संपलं.

तू आलीस ती सरळ हॉस्पिटलच्या आवारात आलीस. रडली नाहीस. सगळे बाजूला झाल्यावर मला भिंतीशी घेऊन तू एकच प्रश्न विचारलास, "पट्टी कुठली होती?" आणि मी म्हटलं, "हिरवी." तुझा चेहरा कसा झाला ते मी बघितलं, ऋतुजा. वडील गेल्याचा घाव मघाशीच बसला होता. हा दुसरा होता, आणि तो मी घातला. तरीही मी तो शब्द परत घेतला नाही.

किमया मला सगळं सांगते. तू नोकरी सोडलीस. इतर गावांहून लोक तुझा प्रोग्रॅम मागत होते, त्यांना नाही कळवलंस. दिवसभर दार लावून कॉम्प्युटरपुढे बसतेस आणि काकांचा जुळा पुन्हा पुन्हा चालवतेस. पाच किलो दोनशे वजन, गुरुवार चुकलेला, चार लिटर आठशे. दर वेळी पट्टी लाल येते. दर वेळी तो जुळा तिसऱ्या तासाला पडतो. मग त्या शनिवारीच हिरवी कशी आली, ते तुला सापडत नाही. त्या दिवसाची नोंद तुझ्यापर्यंत पोचलेली नाही, कारण पेणचं नेट बंद होतं असं तुला सांगण्यात आलं. "ताई म्हनते, माझ्या हिशोबात एक भोक हाय, त्यातनं बाबा गेले," किमया मला म्हणाली. ती बसस्टँडवर रडत होती. मी तिला पाणी दिलं. पाणी!

सोमवारी गिरजाबाईला अँब्युलन्समधून जोह्याला धाडलं आणि मी हर्षदसरांच्या खोलीत गेले. प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायला सांगा, म्हटलं. ते उठून दार लावून आले. मग म्हणाले, "सुरू करायचा तर ती आधी सतरा तारीख मागेल. देऊ शकतेस?" मी घरी येऊन मितेशला सगळं सांगितलं. त्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं. म्हणाला, "झालं ते झालं. तुझी नोकरी जाईल, केस व्हईल, दिशाला शालंत पोरं काय बोलतील? गप ऱ्हा." तो वाईट माणूस नाही. त्याला भीती वाटते. मलाही वाटते. दोन दिवस मी गप्प राहिले. काल कामावर गेले तर एक नवीन पेशंट आले होते, खारेपाटातले, पन्नाशीचे, मिठागरात काम केलेले. पाय तसेच सुजलेले. खुर्चीत बसता बसता मला म्हणाले, "ताई, मना यातलं काय कलत नाय. तुमी करशाल तसं." मी दुसरीला त्यांची सुई लावायला सांगितली आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून उभी राहिले.

तुझ्या हिशोबात भोक नाही, ऋतुजा. पट्टी लाल होती. काकांचं वजन टाकल्या टाकल्या लाल झाली, आणि खाली लिहून आलं: तिसऱ्या तासात रक्तदाब कोसळण्याची शक्यता सत्त्याऐंशी टक्के, आज अडीच लिटरपेक्षा जास्त काढू नये. काका मान वळवून बघत होते, म्हणून मी पडदा पलीकडे फिरवला. त्याच आठवड्यात तिने दुसऱ्या पेशंटना दोनदा लाल दाखवलं होतं, दोन्ही वेळा मी ऐकलं नव्हतं, दोन्ही वेळा काही झालं नव्हतं. मला वाटलं, हीही वेळ तशीच जाईल. काका बूट घालून उतरतील आणि जाताना पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघतील. इशारा डावलण्याचं कारण तिने विचारलं, मी 'रुग्णाची इच्छा' निवडलं. दुसऱ्या तासाला ती पुन्हा वाजली. मी तिचा आवाज त्या बैठकीपुरता बंद केला. संध्याकाळी, दिवसभराच्या नोंदी तुझ्याकडे जायच्या आधी, हर्षदसरांनी ती नोंद बघितली, नेटची वायर काढली आणि म्हणाले, सेंटरला कुलूप लागलं तर साठ माणसं कुठे जातील? मला ते ऐकायला हवंच होतं, मी ऐकलं. त्यांनी ती नोंद पुसायला सांगितली होती. मी पुसली, पण आधी छापून घेतली; का घेतली ते तेव्हा मला कळलं नव्हतं. तो कागद या पत्रात आहे. त्यावर वेळ आहे, दोन्ही इशारे आहेत, आणि दोन्हींपुढे माझं नाव. त्याच्या आणखी दोन प्रती मी उद्या मुंबईला मोठ्या डॉक्टरांना आणि सेंटर चालवणाऱ्या ट्रस्टच्या अध्यक्षांना पोचवणार आहे. काकूला मी स्वतः जाऊन सांगेन. ते तू सांगू नकोस. पुढे पोलीस, कोर्ट, जे होईल ते होवो. माझ्याशी बोलू नकोस, माझं तोंड बघू नकोस, चालेल. पण सोमवारी सकाळी सहाला पहिली पाळी लागते आणि गिरजाबाई तीन नंबरच्या खुर्चीवर आहे. त्याआधी ते चालू कर. आणि या वेळी असं कर, की लाल झाली तर माझ्यासारख्या एकटीच्या बोटाने ती गप्प होता कामा नये.

तुझीच होते ती,
प्रतिक्षा